गैरहजेरी कोण घेणार?

1987 साली चिकरिंग आणि गॅमसन यांनी पदवी शिक्षणाची सात तत्त्वं मांडली. पहिलंच तत्त्व : शिक्षक-विद्यार्थी संपर्क. 2017 मध्ये 'स्वयम्' सुरू झालं. आता भोकरदनमध्ये बसून आयआयटीच्या प्राध्यापकांचं व्याख्यान मोबाइलवर ऐकता येतं. ही मोठीच सोय आहे. पण व्याख्यान पोचलं म्हणजे शिक्षक पोचला का?

वर्गात कुणी चार दिवस दिसलं नाही, की सर विचारतात, "कुठंय रे तो?" ऑनलाइन कोर्स कुणी कुठल्या मिनिटाला सोडला, हे सर्व्हरला कळू शकतं. 'तुमचा धडा अपूर्ण आहे' असा मेसेज पाठवणारा कोड माझ्यासारखा इंजिनिअर दुपारभरात लिहील. पण "कापूस वेचायला जावं लागलं, सर" हे उत्तर ऐकणार कोण? गैरहजेरी दिसत असेल, तर विचारपूस करणं विद्यापीठाचं कर्तव्य ठरतं. त्यासाठी पगारी माणूस लागतो. त्याचा खर्च वाचवून शिक्षण स्वस्त केलं, तर त्याची किंमत मधेच गळालेली पोरं मोजतात.