सेवा आणि तिचा हेतु

धर्मप्रसारासाठीं परक्या देशांत जाऊन लोकसेवा करणाऱ्या माणसाविषयीं काय मत धरावें, हा प्रश्न आमच्याकडे बहुधा रागानें नाहीं तर भाबडेपणानें सोडविला जातो. एक पक्ष म्हणतो कीं, औषधाच्या बाटलीआड बाप्तिस्म्याचें पाणी लपलेलें असतें. दुसरा म्हणतो कीं, दुःख निवारणाऱ्याचा हेतु विचारणें हाच कृतघ्नपणा. आम्हांस हीं दोन्ही उत्तरें फार स्वस्त वाटतात. सातारा-सांगलीकडील माणसाचें तरी त्यांवर भागूं नये. कारण ह्या प्रश्नाचे दोन मोठे दाखले ह्याच भागांत घडून गेले आहेत.

पहिला मिरजेचा. कॅनडांत जन्मलेले डॉ. विल्यम वान्लेस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ सालीं हिंदुस्थानांत आले. आधीं सांगलीस त्यांनीं काम आरंभिलें आणि १८९४ सालीं मिरजेस रुग्णालय उघडलें. पुढें तेथें वैद्यकीय शिक्षण सुरू झालें, कुष्ठरोग्यांसाठीं निराळी व्यवस्था झाली, आणि मिरजेचें नांव दूरदूरच्या रोग्यांच्या तोंडीं झालें. १९२८ सालीं डॉक्टरांस 'सर' हा किताब मिळाला. १९३३ सालीं ते वारले. सांगली-मिरजेच्या दरम्यान वान्लेसवाडी हें नांव मागें राहिलें.

आमच्या घरांत एका पणजीची गोष्ट सांगत असत. तिचा मोतीबिंदू मिरजेस काढला. परत येतांना तिनें कृष्णेंत स्नान केलें आणि मगच उंबरा ओलांडला. मात्र डॉक्टरांस ती जन्मभर 'देवमाणूस' म्हणे. तेथें मिळालेली शुभवर्तमानाची पुस्तिका तिनें वाचली नाहीं, कारण तिला वाचतांच येत नव्हतें; आणि टाकलीही नाहीं, कारण छापील कागद म्हणजे सरस्वती. ती देव्हाऱ्याखालच्या फळीवर पडून राहिली. डोळ्यांवर पट्टी बांधलेली असतांना तिला रोज येशूची कथा ऐकवीत. त्याबद्दल कोणी विचारलें कीं ती म्हणे, "त्यानं डोळा दिला, मी त्याचं ऐकून घेतलं. फिटलं."

हेतूवरून सेवेची किंमत करूं गेलें तर जगांत फार थोडी सेवा शिल्लक राहील. आमच्याकडील अन्नछत्र घालणाऱ्यालाही पुण्य हवें असतें. भुकेला ब्राह्मण ही त्याच्या स्वर्गाची पायरीच असते. धर्मशाळेच्या भिंतींतल्या दगडावर दात्याचें नांव ठळक कोरलेलें असतें, आणि त्यांत कोणास वावगें वाटत नाहीं. हेतु मनांत असतो. तो तपासावयाचा कोणी? परंतु सेवा घेणाऱ्यास 'नको' म्हणण्याची मोकळीक होती कीं नव्हती, हें मात्र बाहेरून पाहतां येतें. डोळ्यांवर पट्टी असलेला रोगी प्रवचनांतून उठून जाऊं शकत नाहीं. त्याहून अवघड म्हणजे कृतज्ञ मनुष्याचा नकार. सावकारास नाहीं म्हणणें त्यापुढें सोपें. वैद्यकीय मदतीच्या जोडीला धर्मांतराचा उद्योग नसावा, असें गांधीजी मिशनऱ्यांस १९३० नंतरच्या दशकांत वारंवार सांगत, आणि ह्या मुद्यावर त्यांचें म्हणणें आम्हांस खोडतां येत नाहीं.

विशेष हें कीं, हा कांटा खुद्द ख्रिस्ती माणसालाही टोंचला, आणि तो साताऱ्यांत. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले आणि पुढें वर्षानुवर्षें मिशनच्या सेवेंत होते. १९१७ सालीं त्यांनीं मिशनचें वेतन सोडलें आणि 'देवाचा दरबार' मांडला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे लोक यावे, ही त्यांची इच्छा होती. दोनच वर्षांनीं, १९१९ मध्यें, ते वारले. पगारी तोंडून निघालेला देव ऐकणाऱ्यास संशयित वाटतो, हें ओळखल्यावांचून असें पाऊल कोणी टाकीत नाहीं. (वेतन सुटल्यावर चूल कशी पेटवावयाची, हा हिशेब अशा वेळीं घरांतील बाईच्या पदरीं पडतो; 'स्मृतिचित्रें' वाचणाऱ्यास लक्ष्मीबाईंचा संसार नव्यानें सांगावयास नको.)

पण टिळकांचा मार्ग वान्लेस ह्यांस मोकळा होता काय? अभंग रचावयास आणि कीर्तन करावयास पैसा थोडा लागतो. क्लोरोफॉर्म, शस्त्रें, खाटा, परिचारिका ह्यांस तो फार लागतो. आणि तो ज्या परदेशी मंडळ्यांकडून येई, त्यांस किती डोळे उघडले एवढ्यावर समाधान नसे, किती आत्मे उद्धरले हेंही कळावयास हवें असे. एकटा मनुष्य वेतन टाकून निर्मळ होऊं शकतो, परंतु त्याच्या हातून हजारोंचे मोतीबिंदू निघत नाहींत. ही अडचण आम्हांस सुटलेली नाहीं, आणि सुटल्याचा आव आणण्याची इच्छाही नाहीं.

आमची पणजी 'फिटलं' म्हणूं शकली, ह्याचें कारण तिला परतावयास घर होतें, शेत होतें, वाट पाहणारे मुलगे होते. मिरजेच्या कुष्ठरोग्यांपैकीं अनेकांस तें नव्हतें. ज्याला घरच्यांनीं गांवाबाहेर बसविलें, त्यानें जखम धुणाऱ्याच्या धर्मास नकार देऊन जावें तरी कोठें? त्याची मोकळीक मिशननें घेतली असें आपण म्हणतों, तेव्हां तो मिशनच्या दारीं येण्यापूर्वींच ती कोणी काढून घेतली होती, हें विचारावयाचें राहून जातें.