ओझं उतरतं ती जागा

संध्याकाळी श्रीगोंद्याच्या रस्त्याकडेला थोडं बसा. गळीत हंगाम चालू आहे. उसाच्या गाड्या कारखान्याकडे निघाल्यात. फडात अजून कुणीतरी डोक्यावर मोळी घेऊन चाललंय. मान ताठ, पाऊल जपून. त्या पावलांबरोबर आपलाही श्वास सावकाश होऊ द्या.

आता स्वतःला विचारा: मी प्रार्थनेला बसतो, तेव्हा समोर कोण असतं? उत्तराची घाई नको. देव प्रेमळ आहे, हे आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. माझ्या मनात मात्र बरीच वर्षं एक मुकादम बसला होता. त्यानं उचल दिलेली, मी ती जन्मभर फेडायची, आणि वहीतली बाकी कधी सरायची नाही.

किती प्रवचनं ऐकली, तो हलला नाही. हलला तो एका गोष्टीनं. जॉन बन्यनची ही रूपककथा १६७८ साली इंग्लंडात निघाली. हरी केशवजींनी १८४१ मध्ये ती ‘यात्रिकक्रमण’ नावानं मराठीत आणली. पाठीवर ओझं घेऊन एक माणूस घर सोडतो. वाटेत चिखलात रुततो, भलत्याचं ऐकून वाट चुकतो. मग एक चढ लागतो. वर वधस्तंभ, जरा खाली कबर.

इथे थांबा. त्याच्याबरोबर उभे राहा.

तो नुसता वर पाहतो. खांद्यावरचं ओझं सुटतं, घरंगळत कबरीच्या तोंडाशी जातं, आत पडतं, दिसेनासं होतं. कुणी ते काट्यावर घातलं नाही. कुणी वही उघडली नाही. तो तिथेच रडत राहतो. पुढे वाट आहेच, आणि अवघड आहे. पण वाचताना तो चढ मीही चढलो होतो, त्यामुळे हलकी झाली ती माझी पाठ. त्या रात्री मुकादमाची जागा रिकामी दिसली.

मनातली झुंज अशी कथेत मांडणं या गावाला परकं नाही. इथल्याच संतकवी शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ रचला.

आणखी एक चेहरा डोळ्यांपुढे आणा. १८५७ मध्ये बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ आलं. विधवा पुनर्विवाहाच्या कायद्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, ठिकठिकाणच्या विधवांची दुःखं पाहते. पुढे वैधव्य तिच्याही वाट्याला येतं. पुस्तकात उपदेश फार आहे, तो मला आजही जड जातो. पण केशवपन केलेली बाई कोपऱ्यात बसलीय, आणि देवाला तिचं रडणं ऐकू येतंय, एवढं चित्र मनात धरा. देव कुठे बसलाय? माझ्या मनात तो तिच्या शेजारी, जमिनीवर बसला. मोठ्या आवाजात बोलणाऱ्यांच्या बाजूला तो मला पुन्हा दिसला नाही.

आता फडाकडे पाहा. त्या माणसाची उचल आज फिटणार नाही. त्याच्या ओझ्याची उपमा घेताना हे विसरायचं नाही. मोळी गाडीवर चढली. त्यानं मान एकदा डावीकडे वळवली, एकदा उजवीकडे.

तुम्हीही वळवून पाहा.