महागडे उपचार आणि तवक्कुल

गेल्या रमजानमध्ये तरावीहनंतर एक गृहस्थ मशिदीत मागे थांबले. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलाच्या मेंदूत गाठ होती आणि डॉक्टरांनी प्रोटॉन उपचार सुचवला होता. "मौलाना, राहते घर विकू की अल्लाहवर भरवसा ठेवू?" त्यांनी विचारले.

भरवसा आणि उपचार यांतला हा विरोध इस्लामला मान्य नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः उपचार घेण्याची शिकवण दिली. शिफा देणारा अल्लाहच. औषध हे केवळ साधन. परंतु साधन नाकारणे म्हणजे तवक्कुल नव्हे.

फिकहशास्त्राचा एक सिद्धान्त असा की, एका हानीचे निवारण तशाच दुसऱ्या हानीने करू नये. क्ष-किरण गाठ जाळतात, पण गाठीपलीकडच्या निरोगी पेशींनाही इजा करीत पुढे जातात. प्रोटॉन मात्र आपली बहुतांश ऊर्जा ठरावीक खोलीवर सोडतो आणि तेथेच थांबतो. रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्ये ही कल्पना मांडली; १९५४ मध्ये बर्कले येथे पहिल्या रुग्णावर उपचार झाले. आज चेन्नईत आणि नवी मुंबईतील खारघर येथे ही सोय आहे. वाढत्या वयाच्या मुलांसाठी, तसेच मेंदू आणि डोळ्यांजवळच्या गाठींसाठी तिचे मोल विशेष आहे.

तथापि नवे आणि महागडे ते प्रत्येकाला हितकर असतेच असे नाही. अनेक कर्करोगांत नेहमीचे किरणोपचारही पुरेसे ठरतात. म्हणून जाणकाराला विचारणे हे पहिले कर्तव्य. जो बाप एवढा खर्च पेलू शकत नाही, त्याने स्वतःला अपराधी मानू नये. अल्लाह कोणावरही त्याच्या शक्तीपलीकडचा भार टाकत नाही.

आणि जेथे हाच उपचार आवश्यक ठरतो, तेथे प्रश्न एकट्या बापाचा उरत नाही. निसाब मोजताना राहते घर धरले जात नाही. म्हणजे घर असूनही गरजवंत माणूस जकातीस पात्र ठरू शकतो. आपण मात्र त्याने छप्पर विकून रस्त्यावर येण्याची वाट पाहतो, मग हात पुढे करतो! उपचार कित्येक आठवडे चालतात. परगावच्या कुटुंबाला खोली आणि दोन वेळचे जेवण देणे, हेही त्या उपचाराचेच अंग आहे.

त्या गृहस्थांना मी म्हणालो, "घर विकण्याआधी डॉक्टरांना पुन्हा विचारा आणि मग जमातीला विचारा. जमातीला विचारण्यात लाज नाही. लाज आहे ती जमातीने नकार देण्यात."

अल्लाह सर्व रुग्णांना शिफा देवो आणि आपल्याला त्या शिफेचे साधन बनवो. आमीन.