वरून बंद आहे

मंगळवारी काय झालं ते पुन्हा सांगत बसत नाही. ज्यांचं नेट गेलं त्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांचं गेलं नाही त्यांनी आपल्या नशिबाचा पुरेसा गवगवा केला आहे. नेट जाण्याचा मला राग नाही. नेट जातंच. डोकं फिरतं ते एका वाक्याने : ‘वरून बंद आहे.’ लाइनमन तेच म्हणाला, तक्रारीच्या नंबरवरच्या मुलीने हिंदीतून तेच सांगितलं, शेजारच्या भाईंनी ‘उपरथी बंध छे’ म्हणत शिक्कामोर्तब केलं, आणि सगळ्यांचे चेहरे असे की आता प्रश्नच मिटला.

आमच्या सिल्वाशात, पिपरियाकडे यार्नने भरलेला ट्रक ई-वे बिलासाठी खोळंबला होता. चार पावलांवर गुजरातची हद्द, पण बिल निघाल्याशिवाय माल हलवायचा कसा? ड्रायव्हर कागदी कपातून चहा पीत होता (कागदी कपांविषयीचं माझं मत या सदराच्या वाचकांना पाठ आहे, म्हणून गप्प बसतो). मॅनेजर मोबाइल पत्र्याच्या छपराकडे उंच धरून उभा. ‘वरून,’ तोही म्हणाला. मोबाइल वर धरलाच होता. एवढ्यात काही दिसलं का, विचारायची फार इच्छा झाली.

हे ‘वर’ आहे तरी कुठे? वापीला म्हणावं, तर वापी आणि आपण एकाच एसटीडी कोडचे, ०२६०. तिथला माणूस सुरतेकडे बोट दाखवतो. सुरत अहमदाबादकडे, अहमदाबाद मुंबईकडे. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालून केबली येतात, म्हणजे तिथून पुढे दोष माशांचा. आपल्याकडे पाणी वरून येत नाही, रेशन वरून अडतं, बदली वरून होते. २ ऑगस्ट १९५४पर्यंत, पोर्तुगीज राज्यात, सिल्वाशाचं ‘वर’ लिस्बनला होतं. ते गेलं, सवय राहिली. सिल्वासा मुक्त करायला निघालेली सुधीर फडके, राजा वाकणकर वगैरे मंडळी तेव्हा वरून काही येण्याची वाट पाहत बसली नाहीत, एवढीच आठवण करून देतो.

आणि खरी गंमत पुढे आहे. इंटरनेटला वर असं काही नाहीच. हजारो स्वतंत्र जाळी एकमेकांना खेटून उभी आहेत. प्रत्येक जण शेजाऱ्याला सांगतो, ‘अमुक पत्त्यांचा माल माझ्याकडे दे, मी पोचवतो.’ शेजारी ते बहुतेक वेळा खरं धरतो आणि त्याच्या शेजाऱ्याला सांगतो. या निरोपांच्या पद्धतीला बीजीपी म्हणतात. मुळात ती विश्वासावर चालते. अलीकडे पत्ते कोणाचे हे तपासायची सोय आली आहे, पण ती सगळेच वापरतात असं नाही. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमला यूट्यूब फक्त आपल्या देशापुरतं बंद करायचं होतं. त्यांनी ‘यूट्यूबचा रस्ता आमच्याकडून’ अशी आवई घरातल्या घरात उठवली, ती हाँगकाँगच्या कंपनीमार्फत बाहेर पडली, आणि जगभर यूट्यूब दोनेक तास गायब. आपणही मागे नाही. १६ एप्रिल २०२१ला व्होडाफोन आयडियाच्या जाळ्यातून तीस हजारांहून अधिक पत्त्यांच्या गटांवर चुकून हक्क सांगितला गेला. हे सगळं आडवं घडलं. शेजारच्याने थाप मारली किंवा त्याचा हात चुकला, आणि आपण मान वर करून आकाशाकडे बघत राहिलो.

वीज गेली की आपण काय करतो? बाल्कनीत जाऊन समोरच्या इमारतीत दिवे आहेत का बघतो. पाच मिनिटांत कळतं, फ्यूज आपला गेला की फीडर गेला. नेट गेलं की मात्र प्रत्येक जण आपापल्या खोलीत राउटर बंद-चालू करत बसतो. समोर डोकावत कोणी नाही.

डोकावण्याची सोय आहे, आणि फार वर्षांपासून आहे. अॅम्स्टरडॅमच्या राइप एनसीसी या संस्थेने २०१०पासून ‘राइप अॅटलास’ चालवलं आहे. मुठीत मावेल एवढी डबी, एक वायर राउटरला, दुसरी यूएसबीला. जगभर दहा हजारांहून अधिक ठिकाणी लोकांनी आपण होऊन ती घरात, कचेरीत लावली आहे. ती दिवसभर ठरावीक ठिकाणांना हाका मारते आणि उत्तर किती वेळात, कोणत्या वाटेने आलं ते नोंदवते. नुसती वाट तपासायची तर साध्या कॉम्प्युटरवरही ट्रेसराउट चालवता येतं. एकेका ओळीत एकेक थांबा, समोर मिलिसेकंद. मध्येच नुसते तारे दिसले तर लगेच बोंब मारू नये, काही राउटर मुद्दामच उत्तर देत नाहीत. पण सिल्वाशातल्या दहा घरांतून एकाच थांब्यापुढे काहीच जात नसेल आणि वापीत दुसऱ्या कंपनीवर सगळं सुरळीत असेल, तर ‘वर’चा पत्ता बराचसा लागला म्हणायचा.

अशा स्वतःच्या नोंदींची गरज का, ते नियमातच दिसतं. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०२४च्या नियमांनुसार जिल्ह्यात सेवा चोवीस तासांहून जास्त बंद राहिली तर मोबाइल ग्राहकाला भरपाई द्यायची आहे. छान. पण चोवीस तास झाले की तेवीस, याचा हिशेब मुळात कंपनीच्याच नोंदींतून यायचा. आपल्याकडे काय असतं? ‘सकाळपासून बंद आहे हो’ आणि खाली हात जोडल्याच्या सतरा इमोजी. ट्रायने २०१६मध्ये मायस्पीड नावाचं अॅप काढलं. बटण दाबलं की वेग मोजला जातो आणि निकाल थेट ट्रायकडे पाठवता येतो. किती जणांच्या फोनमध्ये आहे, हे आमच्या इमारतीत विचारून झालं. लोकांनी मला भविष्य सांगणाऱ्या दोन अॅपची नावं दिली.

बाकीच्या सबबी किरकोळ. ‘वेळ नाही’ म्हणणाऱ्यांचं स्टेटस मी रोज बघतो. ‘आपला डेटा चोरतील’ ही शंका रास्त आहे, पण ती डबी तुम्ही काय बघता ते बघत नाही, आपल्याच हाका मोजते. आणि शंका घेणाऱ्याने चष्म्याच्या दुकानात लकी ड्रॉसाठी आधार कार्डाची झेरॉक्स दिली होती.

परवाच्या सोसायटीच्या बैठकीत मी विषय काढला. नेट वरूनच बंद होतं, यावर एकमत झालं. डबीला वीज किती लागेल, बिल कोणाच्या मीटरवर, यावर मात्र खूप चर्चा झाली, तीही कागदी कपांतून. शेवटी मी म्हटलं, अर्ज मंजूर झाला तर यंत्र फुकट मिळतं. लगेच दोन हात वर गेले. ते यंत्र नेमकं काय करतं, हे त्यांनी विचारलं नाही. मीही परत सांगायला गेलो नाही.