मानधन

लहानपणी मला सांभाळायला घरी कुणी नव्हतं. आई सातारा जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका होती, ती मला सोबतच न्यायची. तिचं काम आणि माझं पाळणाघर एकाच खोलीत.

आज मी सांगलीत घरून सॉफ्टवेअरचं काम करतो. बायकोचीही नोकरी आहे. मुलगी झाली आणि प्रश्न आला, बाळाला कोण बघणार? उत्तर सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. आईच्या निवृत्तीला दहा वर्षं बाकी होती, तरी तिनं राजीनामा दिला. "तसंही मानधनच आहे, पगार थोडाच आहे," असं घरात कुणीतरी म्हणालं. मी गप्प राहिलो.

तो शब्द डोक्यातून जात नाही. अंगणवाड्या १९७५ पासून केंद्राच्या योजनेतून चालतात. सहा वर्षांखालच्या मुलांचा आहार, वजन, शाळेआधीचं शिक्षण सेविका बघतात, पण सरकारलेखी त्या 'मानसेवी'. त्यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावं लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरातल्या सेविका संपावर गेल्या, त्यात आईही होती. तेव्हा मी तिला फोनवर म्हटलं होतं, "बरोबर आहे तुमचं, कामाचा मोबदला मिळायलाच हवा." पुढच्याच वर्षी तिचा अख्खा दिवस मी फुकट घेतला.

२०१७ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनं पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघर सक्तीचं केलं. दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभा मात्र फक्त आईला. बापाचा विचार कायद्यानं केला नाही आणि आमच्या घरानंही नाही. नोकरी सोडशील का, असं मला कुणी विचारलंच नाही.

माझं छान चाललंय. सलग तीन तास कोड लिहिता येतो. आईचे गुडघे दुखतात. सांगलीत तिच्या ओळखीचं कुणी नाही. बाळ झोपलं की ती सेविकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे मेसेज वाचत बसते.

पैशांचा विषय काढला तर ती चिडली. "नातीला सांभाळायचे पैसे घेऊ?" तिचं खरं आहे, तिचं प्रेम खोटं नाही. पण प्रेमानं केलं तरी काम हे कामच असतं. आणि ते प्रेमानं केलंय, हे तिनं म्हणायचं, मी नाही. मी आधीच गृहीत धरलं, म्हणून तिला 'नाही' म्हणायला जागाच उरली नाही.

आता आम्ही अर्ध्या दिवसाचं पाळणाघर शोधतोय. सकाळी मुलीकडे मी बघतो, मीटिंगा दुपारी ढकलल्यात. परवा आईला विचारलं, "तुला परत अंगणवाडीत जायचंय का?"

मुलीच्या डोक्याला तेल लावता लावता ती म्हणाली, "आता ती जागा भरली रे."