जंगलात माणसाची जागा

राष्ट्रीय उद्यान या कल्पनेने माणसाला पाहुणा ठरवले आहे. १८७२ मध्ये अमेरिकेत यलोस्टोनला हा दर्जा मिळाला आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या वावरणाऱ्या मूलनिवासींना पुढच्या काही वर्षांत बाहेर काढण्यात आले. १९६४ च्या तिथल्या रानसंरक्षण कायद्याने तर माणूस रानात येऊन जाणारा, न राहणारा, असे व्याख्येतच घालून टाकले. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा ओढाही त्याच बाजूला आहे. आत जावे, पाहावे, काही उचलू नये, काही टाकू नये आणि दिवस मावळायच्या आत बाहेर पडावे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात रविवारी मुलांना चालायला घेऊन येणारे कुटुंब हेच नाते गृहीत धरून येते. मात्र सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या जंगलात माणसाने कसे वागावे याची निदान आणखी दोन उत्तरे नांदत आली आहेत, आणि दोन्ही या कायद्यांहून जुनी आहेत.

पाहुणा येतो तो पाहायला. काय पाहण्याजोगे, याचा साचा मुख्यतः अठराव्या शतकातल्या युरोपात घडला. तत्त्वज्ञ कांटने १७९० च्या आपल्या ग्रंथात उदात्ताची मीमांसा केली. कडे, वादळे, धबधबे यांच्यापुढे माणूस आधी दबतो, मग निसर्गाच्या बळाला पुरून उरणारे काही आपल्यातच आहे हे त्याला उमगते. यासाठी कांट दोन अटी घालतो: पाहणारा स्वतः सुरक्षित हवा आणि त्याच्या मनाची मशागत झालेली हवी. ती नसेल तर नुसती भीती उरते. दाखला म्हणून तो सव्हॉयच्या एका शेतकऱ्याचा उल्लेख करतो. हिमशिखरांचे वेड घेतलेले सगळे लोक या शेतकऱ्याच्या लेखी मूर्ख होते.

पाच वर्षांचे मूल याच शेतकऱ्याच्या पंक्तीला बसते. आईवडील दरीकडे बोट दाखवतात, तर मूल वाटेवर उकिडवे बसून ‘पैसा’ न्याहाळत असते. काडी लागली की हा असंख्य पायांचा किडा गुंडाळून गरगरीत होतो, आणि तो उलगडेपर्यंत मूल जागचे हलत नाही. पाऊण तासाच्या वाटेला दोन तास लागतात ते यामुळे. कांटच्या मापाने हे मूल अजून तयार झालेले नाही. पहिल्या जुन्या उत्तराच्या, म्हणजे कान्हेरीच्या, मापाने पाहिले तर हिशेब निराळा होतो.

मुख्य प्रवेशद्वारापासून सुमारे सहा किलोमीटर आत कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून पुढे हजारभर वर्षे इथे बौद्ध भिक्षूंचा वावर होता. बेसाल्टात कोरलेली लहानशी खोली, तिच्यात दगडाचा ओटा, पावसाचे पाणी वळवणारी पन्हळ आणि ते साठवणारी पोढी. पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहणाऱ्याला याहून जास्त लागत नाही. पावसाळ्यात एका जागी राहण्याच्या या नियमामागची, म्हणजे वर्षावासामागची, हकीकत विनयपिटकात आहे. भिक्षू भर पावसातही फिरतात, हिरवे गवत तुडवतात, बारीक जीव चिरडतात, अशी लोकांनी तक्रार केली. पाखरेसुद्धा पावसाळ्यात घरटे करून राहतात, मग या श्रमणांना काय झाले, असा त्यांचा सवाल होता. झाडे न तोडण्याच्या नियमाचीही अशीच गोष्ट आहे. आळवी गावच्या एका भिक्षूने झाडावर कुऱ्हाड चालवली आणि घाव त्या झाडावर राहणाऱ्या देवतेच्या लेकराच्या हातावर बसला. देवता बुद्धांकडे गाऱ्हाणे घेऊन गेली, आणि झाडातही जीव आहे असे लोक मानतात, हे सांगून बुद्धांनी बंदी घातली.

मुंबईकर नेमके पावसातच कान्हेरीला लोटतात, कारण ओढे तेव्हाच वाहतात. त्यावर नाक मुरडण्यात अर्थ नाही. गृहस्थाला वर्षावास कधीच सांगितलेला नव्हता. त्याच्या कामाचे आहे ते नियमामागचे माप: पायाखाली काय आले. आणि त्या उंचीवरून जग पाहणारा कुटुंबात एकच जण असतो.

तरी मुलाला साधू ठरवायची घाई नको. ज्या मुलाला पैसा आवडतो तेच मूल गोगलगाय चपलेखाली फोडून पाहते. बारकाईने पाहणे आणि दया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मुलाला उपजत असते, दुसरी शिकवावी लागते. बालपण म्हणजे निरागसता, असे मानणाऱ्यांनी तासभर मुलांच्या मागून चालून पाहावे.

दुसरे उत्तर उद्यानाच्या हद्दीतल्या आदिवासी पाड्यांचे आहे. वारली वाघोबाला पुजतात, आणि त्यांच्या वाघात पट्टेरी वाघ आणि बिबट्या दोन्ही येतात. एका कथेनुसार वाघोबा बाईच्या पोटी जन्मला, पुढे वाघ होऊन गावाची जनावरे मारू लागला, तेव्हा गावाने त्याच्याशी करार केला: वर्षातून एकदा पूजा आणि नैवेद्य, बदल्यात गावाला त्रास नाही. दिवाळीच्या तोंडावर वाघबारसेला हा करार नवा होतो. इथे माणूस पाहुणा नाही, शेजारी आहे, आणि कांटची सुरक्षिततेची अटही इथे पाळली जात नाही. झुडपाआडून काही खसफसले आणि मूल आईला बिलगले, तर तिथे उदात्ताची उणीव शोधण्यापेक्षा शेजाऱ्याची ओळख पटली असे म्हणणे अधिक रास्त.

पाहुणेपणाचे उत्तर मात्र एका ठिकाणी तोकडे पडता पडता सावरते. कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीत काही पारशी प्रवाशांची नावे कोरलेली आहेत, १००९ आणि १०२१ सालची. हे प्रवासीही पाहायलाच आले होते. आज एखाद्या मुलाने खडा घेऊन भिंतीवर नाव ओढले तर १९५८ च्या स्मारक कायद्याने तो अपराध ठरतो. त्यांचे चालले मग माझे का नाही, असे मुलाने विचारले तर ‘ते जुने आहे’ एवढ्याने भागत नाही, कारण तेही एके काळी नवेच होते. उत्तर संख्येत आहे. रविवारी येणाऱ्या प्रत्येकाने नाव कोरायचे ठरवले तर भिंत उरणार नाही आणि त्या पारशांची नावेही पुसली जातील. आपले कृत्य सगळ्यांनी केले तर चालेल का, हे विचारणारा हा युक्तिवादही कांटचाच, १७८५ च्या नीतिविषयक ग्रंथातला. आणि त्याची सोपी आवृत्ती शाळकरी मुलाला तिथल्या तिथे पटते.