टाचेवरचा थेंब

पाठ टेकून बसा. एका हाताचे बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरा आणि आतला ठोका लागेपर्यंत थांबा.

त्या ठोक्यासरशी प्लेटलेट नावाच्या पेशी वाहताहेत. एका घनमिलिमीटर रक्तात दीड ते साडेचार लाख. एकेकीचे आयुष्य जेमतेम सात ते दहा दिवसांचे.

वऱ्हाडात पाऊस उघडला की हा आकडा घराघरांत शिरतो. अकोल्यात पाणी रोज येत नाही, ड्रम भरून ठेवावे लागतात, त्यांत डास होतात. मग डेंग्यूच्या दिवसांत दवाखान्याच्या ओसरीत एकच प्रश्न असतो : ‘प्लेटलेट किती आल्या?’ तो काळजीपोटी येतो, त्याला नावे ठेवू नका. आज मात्र त्या किती आहेत हे बाजूला ठेवू आणि त्या काय करतात ते पाहू.

मनाने अमरावतीच्या डफरीन दवाखान्यात चला. उबेच्या दिव्याखाली कालच जन्मलेले, पूर्ण दिवसांचे लेकरू. सिस्टर टाच हातात घेते, कडेला सुई टोचते. थेंब फुगतो. ती कापूस दाबून धरते. बघत राहा. रक्त थांबते.

याच लेकराच्या प्लेटलेट वेगळ्या काढून तपासल्या, तर मंद निघतात. अ‍ॅड्रेनलिन, कोलॅजेन, थ्रॉम्बिन, प्लेटलेटना जागे करणाऱ्या यांतल्या कशालाही त्या मोठ्यांच्या प्लेटलेटइतक्या चटकन उठत नाहीत. आकडा मात्र मोठ्यांएवढाच असतो.

मग रक्त थांबले कशाने? घाई नको. नवजाताच्या तांबड्या पेशी आकाराने मोठ्या आणि दाट. वाहताना त्या मधोमध राहतात आणि प्लेटलेटना कडेला, रक्तवाहिनीच्या भिंतीशी लोटतात. जखम होते ती भिंतीलाच. तिथे प्लेटलेटला चिकटवून धरणारे व्हॉन विलेब्रँड नावाचे प्रथिनही या वयात मोठ्यांहून जास्त. म्हणून सगळे रक्त एकत्र तपासले, तर निरोगी नवजाताचे मोठ्यांपेक्षा लवकर थांबते. मला इथून पुढे सरकवतच नाही. वेगळी काढून दुबळी ठरवलेली पेशी सोबत्यांमध्ये किती पुरेशी आहे!

बारशाच्या सुमारास या प्लेटलेट मोठ्यांसारख्या वागू लागतात. पुढे अंगणात गुडघे फोडून घेणाऱ्या मुलांबद्दल काळजीचे फारसे काही नाही.

दिवस भरण्याआधी आलेल्यांजवळ मात्र सावकाश बसा. त्यांच्या प्लेटलेट अधिकच मंद, मेंदूतल्या वाहिन्या फार नाजूक. आकडा घसरला की बाहेरून प्लेटलेट देतात, आणि त्या असतात मोठ्या माणसाच्या. ब्रिटन, आयर्लंड आणि नेदरलँड्समधल्या 660 अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना आकडा 50 हजारांखाली येताच प्लेटलेट दिल्या, काहींना 25 हजारांखाली गेल्यावरच. लवकर दिलेल्यांपैकी 26 टक्के बाळे दगावली किंवा त्यांना मोठा रक्तस्राव झाला. थांबून दिलेल्यांत हे प्रमाण 19 टक्के होते.

हे दोन आकडे मनात राहू द्या. मायेने, काळजीने दिलेले रक्त होते ते.

कधी लेकराचा रिपोर्ट तुमच्या हातात आलाच, तर डॉक्टरांना एवढे विचारा : बाळ किती आठवड्यांचे जन्मले, आज किती दिवसांचे आहे, कुठून रक्त जाते आहे का, आणि या वयाला हा आकडा कसा वाचायचा?